बाच्या नावाची नक्कल

माझ्या आज्यानं आयुष्यभर सरकारचे कागद वाहिले. त्यातला एकही त्याला वाचता आला नाही.

तो गावचा येसकर होता. चावडीतून तालुक्याच्या कचेरीत टपाल न्यायचं, रात्री कचेरीबाहेरच्या कट्ट्याखाली पडायचं, सकाळी उत्तराचा कागद घेऊन परत. जायला सहा कोस, यायला सहा कोस. कागद फडक्यात गुंडाळलेला. फडकं डोक्यावर, काठी हातात. पाऊस आला तर अंगावरची घोंगडी काढून फडक्यावर घालायची. आपण भिजलं तर चालतं, कागद भिजला तर पाटलाची लाथ.

आजा सांगायचा, "एक डाव म्या माज्याच भावाइरुद्दचा कागूद घिऊन गेलो. बारा मैल चाललो. तालुक्याला गेल्यावर कळ्ळं त्यात काय लिवलंय त्ये."

त्या कागदात महारवाड्यातल्या पाच जणांना दंड करावा असं लिहिलेलं होतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं होतं. आजानं तो कागद जपून, न भिजवता, वेळेवर पोचवला.

गावची शीव कुठून कुठं जाते, कुठला दगड कुणी हलवला, हे आज्याला तोंडपाठ. शिवेचं भांडण निघालं की महाराला पुढं बोलवायचे, त्याची साक्ष धरायचे. म्हणजे गावाची माहिती त्याच्या डोक्यात, गावाचा कागद त्याच्या डोक्यावर. आणि त्या कागदात काय आहे हे विचारायचा अधिकार मात्र त्याला नाही.

मित्रांनो, हे मी म्हाताऱ्याची आठवण काढून रडायला सांगत नाही. गेल्या काही वर्षांत मला तहसीलात जे दिसलं, ते सांगायचं तर आज्यापासूनच सुरुवात करावी लागते.

२०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या रानातल्या खोपटाला नोटीस चिकटली. गायरान गटातलं शासकीय जमिनीवरचं अतिक्रमण स्वतःहून काढून घ्यावे, अन्यथा काढून टाकण्यात येईल व खर्च आपणाकडून वसूल करण्यात येईल. उच्च न्यायालयानं त्या साली राज्यातल्या गायरानावरच्या अतिक्रमणांची दखल घेतली होती आणि गावोगाव अशा नोटिसा निघाल्या होत्या. आमच्या वस्तीत अकरा घरांना आल्या.

आमची जमीन म्हणजे दोन एकर माळ. बानं तो १९८१ साली फोडला. खडक, तरवड, कुसळं. पहिली दोन वर्षं नुसते दगड वेचले. त्या दगडांची ताल घातली. तिसऱ्या वर्षी बाजरी आली, ती पण गुडघ्याएवढी. त्या बाजरीवर मी वाढलो आणि बी.ए.पर्यंत शिकलो. आज तालुक्याच्या गावात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बा २००९ ला गेला. त्याची राख त्या तालीलाच टाकली.

दर दोन-तीन वर्षांनी तलाठी यायचा. पंचनामा करायचा, दंड करायचा. बा दंड भरायचा, पावती घ्यायचा आणि मृग लागला की पुन्हा पेरायचा. त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या. एका पावसाळ्यात मागली भिंत पडली. पेटी सापडली, पावत्यांचा लगदा झाला होता.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्यातले पुष्कळजण इथंच चुकतात.

भूमिहीनांना पडीक जमीन द्या, ही मागणी आजची नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला आपली माणसं त्यासाठी हजारोंनी तुरुंगात गेली. त्यातूनच पुढं सरकारवर दबाव येत राहिला. २८ नोव्हेंबर १९९१ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी जी गायरानं, पडीक जमिनी कसायला घेतल्या, ती अतिक्रमणं नियमित करायची. शेवटची तारीख १४ एप्रिल आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असा कडक निकाल दिला. पण त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेप्रमाणे भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. नोटीस लिहिणारा पहिला भाग लिहितो. दुसरा भाग लिहीत नाही.

तेव्हा आमचा हक्क कशावर ठरणार? बा १९९० च्या आधीपासून ते रान कसत होता, यावर. आणि ते कशानं सिद्ध होणार? माझ्या शब्दानं नाही. आयच्या शब्दानं नाही. दंडाची पावती, पंचनामा, नाहीतर तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना एक-ई. एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. कुणी, कुठल्या गटात, किती जमिनीवर अतिक्रमण केलं, काय पीक घेतलं, काय दंड झाला, ते त्यात असतं.

म्हणजे बघा. ज्या वहीत माझ्या बापाला गुन्हेगार म्हणून लिहिलंय, तीच वही त्याच्या हक्काचा दाखला. आणि ती वही त्यांच्या कपाटात.

मी तलाठ्याकडे गेलो. भाऊसाहेब म्हणाले, जुनं दप्तर तहसीलात जमा आहे. तहसीलात गेलो. तिथला कारकून म्हणाला, तलाठ्याकडेच असेल. दोन आठवडे मी चेंडूसारखा इकडून तिकडं. दुकान बंद. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणलं आणि जोडपत्र 'अ' भरलं.

"मौजे अमुक येथील गायरान गट क्रमांक तमुक बाबत गाव नमुना एक-ई मधील सन १९८१ ते १९९० या कालावधीतील नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

बास. एवढंच लिहिलं. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. आपल्या पोरांना अर्जात भाषण लिहायची खोड असते. हजारो वर्षांचा अन्याय, मनुवादी व्यवस्था, सगळं त्या अर्जात कोंबतात. कारकुनाला तेच पाहिजे असतं. "अर्ज नियमानुसार नाही" असा शेरा मारायला त्याला मोकळं रान. भाषण सभेत करा. अर्जात नुसता कागद मागा. "असं का केलं" हे विचारू नका, त्याला उत्तर द्यायला तो बांधलेला नाही. "ज्या कागदावर हे केलं तो कागद द्या" असं लिहा. तो द्यायला तो बांधलेला आहे.

आवक टेबलावरचा माणूस अर्ज वाचून म्हणाला, "काय करायचंय हे? कशाला पायजे?"

मी म्हणालो, "कलम सहा, पोटकलम दोन. कारण विचारायचं नाही."

त्यानं वर बघितलं. आधी माझ्याकडं, मग अर्जावरच्या आडनावाकडं. आडनाव वाचल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय. पोच द्यायला त्यानं अर्धा तास लावला. मी हललो नाही. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे लक्षात ठेवा. पोच नाही तर अर्ज नाही.

तीस दिवस गेले. काही आलं नाही. कायद्यात तीस दिवस आहेत, कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. पंचेचाळिसाव्या दिवशी एक ओळीचं पत्र आलं. "सदर अभिलेखाचा शोध घेतला असता आढळून येत नाही."

ते पत्र आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आढळत न्हाई म्हंजी? त्यांचंच घर, त्यांचंच कपाट. मग गेलं कुटं?"

माझी आय निरक्षर आहे. पण साऱ्या तहसीलात एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या रात्री मला आयची दुसरी गोष्ट आठवली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मस्टरवर अंगठा उठवायची. मुकादम किती दिवस लिहायचा, किती पैसे लिहायचा, तिला ठाऊक नाही. हातावर ठेवील तो पगार. मस्टर बघायला मागितलं तर म्हणायचा, "तुला वाचता येतं का?" वाचता येत नाही म्हणून दाखवायचं नाही, आणि दाखवत नाहीत म्हणून वाचायचं काही कारण नाही. असा तो फेरा.

हाच फेरा राजस्थानातल्या मजुरांनी तोडला. १९९० ला तिथं मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. दुष्काळी कामावरचे मजूर किमान वेतन मागायला गेले तर त्यांना सांगायचे, तुम्ही कामच कमी केलंय, कागदावर तसं आहे. तेव्हा त्यांनी तो कागदच मागितला. १९९४ च्या डिसेंबरपासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. मस्टर, बिलं, व्हाउचर गावासमोर मोठ्यानं वाचायची. ज्याचं नाव निघालं त्यानं उठून सांगायचं, मी या कामावर होतो की नव्हतो. १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर २००३ ला राज्याचा कायदा आला. मग देशाचा कायदा, २००५ चा. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू.

म्हणून हा कायदा कुणा शहाण्या साहेबानं आपल्याला बक्षीस दिलेला नाही. खडी फोडणाऱ्यांनी मागून घेतलेला आहे. आपला आहे. १९२३ च्या इंग्रजांच्या गुपितांच्या कायद्यानं कचेरीला जी सवय लावली, कागद झाकायची, ती मोडायला तो आहे. तो १९२३ चा कायदाही अजून पुस्तकात आहेच. पण दोन्हींत विरोध आला तर माहितीचा कायदा वरचढ, असं कलम २२ सांगतं.

पण कायदा आहे म्हणजे कागद मिळाला असं नाही. महाडचं उदाहरण आपल्यापुढं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झाला होता. चवदार तळं खुलं असल्याचं महाडच्या नगरपालिकेनंही ठरवलं होतं. ठराव होता, पाणी नव्हतं. पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यात उतरावं लागलं, आणि पुढं दहा वर्षं कोर्टात भांडावं लागलं. ठरावाचं पाणी करायला माणूस लागतो.

मी पहिलं अपील केलं. वीस रुपयांचं तिकीट. अपिलाची सुनावणी वरच्या साहेबापुढं. त्याच कचेरीत, भिंतीपलीकडच्या खोलीत. ज्याच्याविरुद्ध अपील तो साहेबाच्या शेजारी खुर्चीवर, मी उभा.

साहेबानं फाइल चाळली आणि हसला. म्हणाला, "अहो, तुमच्या बापानं सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं होतं, हे तुम्हीच सिद्ध करायला निघालात?"

मी म्हणालो, "होय साहेब. तेच सिद्ध करायचंय."

तो हसायचा थांबला. त्याला १९९१ चा निर्णय ठाऊक नव्हता असं मला वाटत नाही. मला तो ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी दुसरा मुद्दा मांडला. अभिलेख सापडत नाही म्हणता, मग तो कायद्यानं नष्ट केला की गहाळ झाला? नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा. गहाळ झाला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. जबाबदार माणसावर गुन्हा नोंदवा आणि त्याची प्रत मला द्या. आणि माहितीच्या कायद्यात नक्कल मागण्याइतकाच पाहणी करण्याचाही हक्क आहे. मला अभिलेख कक्षात जाऊन स्वतः गठ्ठे बघू द्या.

साहेबानं आठ दिवसांत पाहणी करू द्यावी असा आदेश काढला.

त्या आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख खोटा होईल.

पहिली. गावातला एक माणूस दुकानात आला. गाडीचा प्लग बदलून घेतला, चहा मागवला, आणि म्हणाला, "कशाला त्या जुन्या वह्या उकरतोस? नोटिशीचं आमी बघतो. तुझ्या एकट्याचं रान सोडायला सांगतो. दहा हजार घे, अर्ज मागं घे. बाकी धा घरांचं तू नगं बघूस."

मी त्याला लगेच नाही म्हणालो नाही. हे मी कबूल करतो. पोरीची कॉलेजची फी भरायची होती. रात्रभर दहा हजारांचा हिशेब डोक्यात फिरत राहिला. सकाळी नाही म्हणून सांगितलं, पण मधली ती रात्र माझ्या नावावर आहे.

म्हणून आपल्यातल्या एका पोराबद्दल लिहिताना माझा आवाज फार चढत नाही. त्यानं दलित वस्तीच्या रस्त्याचा खर्च मागितला होता. रस्ता कागदावर झालेला, पायाखाली चिखल. सरपंचानं पाच हजार दिले, त्यानं अर्ज मागं घेतला. मग त्याला ती सवय लागली. अर्ज टाकायचा, तोड करायची. गावोगाव आता साहेब लोक म्हणतात, "माहिती मागणारे ते सगळे ब्लॅकमेलर." एकानं खाल्लं, शंभर जणांच्या अर्जावर शिक्का बसला. साहेब लोक पैसे देतात ते लपवायला काही असतं म्हणून, हे खरंच. पण विकणारा आपला होता, हेही खरं. बाबासाहेबांचं नाव घेऊन कचेरीची पायरी चढायची आणि पाकीट घेऊन उतरायची, हे चालणार नाही. हे आपण आपल्याला सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

दुसरी गोष्ट एका कोतवालाची. तो कुठल्या सज्जाचा, कुठल्या गावचा, हे मी सांगणार नाही. तो आपला आहे एवढंच सांगतो. येसकरकी गेली, वतन गेलं, पण तलाठ्याच्या मागं दप्तर घेऊन चालणारा माणूस पुष्कळ ठिकाणी अजून आपलाच असतो. रात्री नऊला तो दुकानाच्या मागल्या बाजूला आला. बसला नाही. म्हणाला, "दुसऱ्या खोलीत, खिडकीखालचं कपाट. लाल फडक्यातला गठ्ठा. त्यावर गावाचं नाव न्हाई, शेजारच्या गावाचं हाय. माझं नाव कुटं घिऊ नगंस." आणि गेला.

माझा आजा आठवला. कागद वाहणाऱ्याला कागद कुठं आहे हे अजूनही ठाऊक असतं. फरक एवढाच, की हा तोंड उघडून बोलला.

पाहणीच्या दिवशी मी वस्तीतले दोघं बरोबर नेले. एकट्यानं जायचं नाही. अभिलेख कक्ष म्हणजे अंधारी खोली. वाळवी, धूळ, उंदराच्या लेंड्या, आणि त्यात तालुक्यातल्या सगळ्या माणसांच्या जमिनी फडक्यात बांधून ठेवलेल्या. कारकुनानं आमच्या गावाच्या नावाचा गठ्ठा पुढं टाकला. "बघा. यात न्हाई." आम्ही बघितला. नव्हतं. मग मी म्हणालो, "शेजारच्या गावाचा दाखवा. चुकून मिसळला असेल." तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिडकीखालचं कपाट उघडलं.

एक-ई त्यात होती.

पान पिवळं पडलेलं, शाई तांबूस. अतिक्रमण करणाराचे नाव, त्याखाली माझ्या बाचं नाव. आज्याचं नाव चुकीचं लिहिलेलं. क्षेत्र ०.८० हेक्टर. पीक बाजरी. पहिली नोंद १९८३ ची, मग ८४, ८६, ८९. चार वेळा दंड, चार वेळा वसूल. शेवटचा दंड बारा रुपये. आमच्या वस्तीतली बाकीची घरंही त्याच पानांवर. अकरापैकी नऊ.

आणि त्याच पानावर आणखी एक नाव होतं. गावातल्या मोठ्या घरातलं. त्याच गायरानात, त्याच साली. क्षेत्र साडेतीन हेक्टर. पीक ऊस. दंडाचा रकाना कोरा. १९८३ ला कोरा, ८४ ला कोरा, ८६ ला कोरा, ८९ ला कोरा. त्या घराला २०२२ ला नोटीस आली नव्हती. तेव्हा मला कळलं, वही का सापडत नव्हती. माझ्या बाचं नाव लपवायला नाही. तो कोरा रकाना लपवायला.

नकला घेताना कारकुनानं पानाला दोन रुपयांप्रमाणे चार पानांचे आठ रुपये मागितले. मुदत टळल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम सात, पोटकलम सहा. त्या आठ रुपयांसाठी मी अर्धा तास भांडलो. बरोबरचे दोघं म्हणाले, दे ना टाकून. दिले नाहीत. बानं बारा रुपये भरले होते, तेवढे पुरे.

घरी येऊन आयला नक्कल दाखवली. म्हणाली, "कुटं हाय त्येचं नाव?" मी बोट ठेवलं. मग दंडाचा आकडा वाचला. ती म्हणाली, "बारा रुपयं लिवलंय व्हय? त्यापायी दोन शेरडं इकली व्हती. शेरडं लिवली न्हाईत."

नाही लिहिली. सरकारी कागदात आपली शेरडं कधी लिहीत नाहीत. म्हणून कागदावर सगळा भरवसा ठेवू नका, पण तो हातचा सोडूही नका.

नोटिशीला उत्तर दिलं, नऊ घरांच्या नकला जोडल्या. नियमित करण्याचा प्रस्ताव पाठवला. उरलेल्या दोन घरांसाठी जुने पंचनामे शोधतो आहोत. रान अजून नावावर झालेलं नाही. जिंकलो असं मी म्हणत नाही. पण खोपटं जागेवर आहे, आणि मृग लागला की आम्ही पेरतो. पूर्वी दंड भरून पेरायचो, आता नक्कल दाखवून पेरतो.

आता पुढचं. हे आपल्या पोरांनी नीट वाचावं, कारण दार परत लोटलं जातंय.

माहितीच्या कायद्यात कलम ८ (१) (ञ) आहे, खाजगी माहितीचं. पूर्वी त्यात असं होतं, की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण कुणाच्या खाजगीपणावर घाला घालणारी माहिती नाकारता येईल. पण जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही, असाही आधार त्यात होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं हे सगळं छाटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. आता नुसतं एवढंच उरलं, की माहिती वैयक्तिक असेल तर द्यायची नाही. मस्टरवरचं नाव वैयक्तिक. लाभार्थ्याच्या यादीतलं नाव वैयक्तिक. शिष्यवृत्ती कुणाच्या खात्यावर गेली ते वैयक्तिक.

माझा अर्ज आज असता तर काय झालं असतं? माझ्या बाची ओळ मला दिली असती, आणि तिच्या खालची ओळ काळी शाई फिरवून दिली असती. साडेतीन हेक्टर ऊस काळ्या शाईखाली. कोरा रकाना काळ्या शाईखाली. माझा बाप तेवढा अतिक्रमणवाला म्हणून उघडा, आणि ते घर खाजगी म्हणून झाकलेलं.

एक हत्यार अजून हातात आहे. कलम ८ (२). झाकण्यानं होणाऱ्या नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते. ते प्रत्येक अर्जात, प्रत्येक अपिलात लिहा. आणि कलम ४ लक्षात ठेवा. सतरा प्रकारची माहिती कुणी न मागता कचेरीनं स्वतःहून जाहीर करायची असते. त्यात योजनांचे लाभार्थी येतात, मंजूर पैसा येतो. ती जाहीर का नाही, हे पहिल्यांदा मागा.

आणि जपून राहा. तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये भर सकाळी खून झाला. ते जमिनीचेच घोटाळे उघडे पाडत होते. अर्जावर पत्ता लिहावा लागतो, आणि आपला पत्ता म्हणजे गावाबाहेरची वस्ती, जिथं रात्री दिवा पण नसतो. म्हणून एकट्यानं अर्ज करू नका. एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या पोरानं मागावा. पाच जणांनी पाच अर्ज टाकावेत. आलेली नक्कल विहारात सगळ्यांपुढं वाचावी, म्हणजे ती एकाच्या पेटीत राहत नाही, आणि विकायलाही उरत नाही.

शेजारच्या तीन गावांतल्या गायरानांच्या एक-ई साठी आमचे अर्ज गेले आहेत. पाहणीची तारीख मिळाली की विहाराच्या फळ्यावर लिहू. ज्याला यायचं आहे त्यानं यावं. वही आणि पेन घेऊन यावं. वाचता येतं त्यानं वाचावं, आणि ज्यांना येत नाही त्या म्हाताऱ्यांनाही आणावं. कुठली ताल कुणी घातली, हे त्यांनाच ठाऊक आहे.

जयभीम.